खिशात मावणारा, झाडावर रमणारा : शुगर ग्लायडर पाळण्यापूर्वी

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घरातले दिवे मालवले जातात, दूरचित्रवाणीचा आवाज थांबतो आणि दिवसभर निपचित वाटणारा कोपऱ्यातला पिंजरा जागा होतो. कापडी पिशवीच्या तोंडातून दोन काळेभोर, टपोरे डोळे बाहेर डोकावतात. पाठोपाठ करड्या रंगाचे, पाठीवर गडद पट्टा असलेले इवलेसे शरीर बाहेर येते आणि क्षणार्धात पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्यांचा खेळ सुरू होतो. हा खेळ पहाटेपर्यंत चालतो. मधूनच लहान कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज येतो, तोही अनेकदा.

शुगर ग्लायडर नावाच्या प्राण्याचा हा नित्याचा दिनक्रम, किंबहुना रात्रक्रम. तळहातावर बसणारा, खिशात झोपणारा आणि हाक मारताच खांद्यावर झेपावणारा प्राणी म्हणून त्याची छायाचित्रे व चित्रफिती जगभर पाहिल्या जातात. १९९०च्या दशकापासून अमेरिकेत तो घराघरांत पोहोचला. पुढे आशियातील अनेक देशांतही त्याची हौस पसरली. आता मुंबई, पुण्यासारख्या शहरांतही तो पाळणारे हौशी लोक आढळतात. मात्र छायाचित्रात दिसणारे गोजिरवाणे रूप आणि प्रत्यक्ष प्राण्याच्या गरजा यांत मोठे अंतर आहे. ते अंतर न ओळखल्यामुळे कित्येक ग्लायडर अपुऱ्या आहाराने, एकटेपणाने किंवा साध्या घरगुती अपघाताने अकाली दगावतात. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, म्हणूनच हा प्राणी नीट समजून घेण्याची गरज आहे.

खार नव्हे, कांगारूचा नातलग

पाहताक्षणी शुगर ग्लायडर खारीच्या जातीचा वाटतो. सह्याद्रीच्या जंगलात रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारी उडती खार ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तर हे साम्य विशेष जाणवेल. प्रत्यक्षात दोघांचे कूळ अगदी वेगळे आहे. उडती खार हा कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींच्या गणातला प्राणी. शुगर ग्लायडर हा कांगारू आणि कोआलाप्रमाणे शिशुधान प्राणी आहे; मादीच्या पोटाशी पिलासाठी पिशवी असते. झाडावरून झाडावर जाण्याच्या एकाच गरजेपोटी निसर्गाने दोन निराळ्या कुळांत एकच युक्ती योजली, एवढाच त्या साम्याचा अर्थ.

प्रौढ ग्लायडरचे वजन साधारण ८० ते १६० ग्रॅम भरते. शरीराइतकीच लांब शेपटी त्याला हवेत दिशा सांभाळायला मदत करते. पुढच्या पायाच्या शेवटच्या बोटापासून मागच्या पायाच्या पहिल्या बोटापर्यंत दोन्ही कुशींना त्वचेचा पातळ पडदा असतो. झेप घेताना चारही पाय ताणले की हा पडदा पसरतो आणि प्राणी पतंगासारखा तरंगत जातो. अशा एका झेपेत तो ५० मीटरपर्यंतचे अंतर कापू शकतो. ही झेप म्हणजे उड्डाण नव्हे. साधारण १.८ मीटर पुढे जाताना तो एक मीटर खाली येतो. त्यामुळे उंची ही त्याची खरी संपत्ती असते. पिंजऱ्याचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येतो.

त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरील जंगले. निलगिरीच्या झाडांचा गोड रस, बाभूळकुळातील झाडांचा डिंक, फुलांतील मकरंद व पराग आणि भरपूर कीटक हा त्याचा नैसर्गिक आहार. गोडाची आवड आणि तरंगण्याची कला या दोहोंवरून त्याला 'शुगर ग्लायडर' हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात ज्यांना सरसकट एकच प्रजाती मानले जाई, त्या प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या प्रजाती असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. मूळ नाव ज्या प्रजातीकडे राहिले, तिचा वावर आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या किनारी जंगलांपुरताच उरला. बाजारात विकले जाणारे ग्लायडर तर बहुधा ऑस्ट्रेलियातील नसतातच. अमेरिकेतील पाळीव ग्लायडरांच्या जनुकीय तपासणीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या प्राण्यांचे मूळ इंडोनेशियातील पश्चिम पापुआत असल्याचे दिसून आले. आपल्या देशी सस्तन प्राण्यांची जिवंत व्यापारी निर्यात ऑस्ट्रेलिया होऊ देत नाही, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

एकटा ग्लायडर दुःखी ग्लायडर

जंगलात शुगर ग्लायडर टोळीने राहतो. एका टोळीत सात प्रौढ आणि त्यांची पिले असू शकतात. दिवसा हे सारे झाडाच्या ढोलीत पानांच्या घरट्यात एकमेकांना बिलगून झोपतात. टोळीतला प्रमुख नर आपल्या कपाळावरील व छातीवरील गंधग्रंथी इतरांच्या अंगावर घासतो. या सामाईक गंधावरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखले जाते. पिलांच्या संगोपनात नरही वाटा उचलतो. मादी अन्नाच्या शोधात बाहेर असताना तो पिलांना ऊब देतो.

अशा समाजप्रिय प्राण्याला एकटे ठेवणे ही त्याच्यासाठी शिक्षाच ठरते. एकटा ग्लायडर प्रथम खाणे कमी करतो, सुस्त होतो, एकाच जागी गोलगोल फिरू लागतो. पुढे तो स्वतःचे केस उपटतो आणि काही वेळा शेपटी, पाय किंवा गुप्तांगाचा चावा घेऊन स्वतःला गंभीर जखमा करून घेतो. 'एकच घ्या, म्हणजे तो माणसाळेल' असा सल्ला काही विक्रेते देतात. तो ऐकू नये. माणूस दिवसा जागा असतो आणि ग्लायडर रात्री. त्यामुळे कितीही प्रेमळ मालक त्याच्या जातभाईची जागा घेऊ शकत नाही. दोन ग्लायडर एकमेकांच्या सहवासात असले तरी माणसाशी त्यांची मैत्री होते, हा जाणत्या पालकांचा अनुभव आहे.

तेव्हा किमान जोडी हवी. मात्र नर-मादीची जोडी म्हणजे पिलांची परंपरा. मादीचा गर्भकाळ अवघा १५ ते १७ दिवसांचा असतो. जन्मणारे पिलू तांदळाच्या दाण्याएवढे, साधारण ०.२ ग्रॅम वजनाचे असते. ते स्वतः सरपटत आईच्या पिशवीत जाते आणि तेथे सुमारे ७० दिवस वाढते. पिलांना योग्य घरे मिळवून देणे अवघड असते आणि जवळच्या नात्यातील संकरातून दुबळी प्रजा निपजते. म्हणून नराचे निर्बीजीकरण करून घेणे श्रेयस्कर. मादीवर अशी शस्त्रक्रिया करणे पिशवीमुळे अधिक गुंतागुंतीचे असते. नवा ग्लायडर जुन्याच्या पिंजऱ्यात एकदम सोडणेही धोक्याचे आहे. परका गंध आला की ते जीवघेणी भांडणे करतात. आधी दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, झोपण्याच्या कापडांची अदलाबदल करून गंधाची ओळख होऊ द्यावी आणि मगच देखरेखीखाली भेट घडवावी.

घर कसे असावे?

पिंजरा निवडताना रुंदीपेक्षा उंचीला महत्त्व द्यावे. जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच ही किमान मर्यादा समजावी. यापेक्षा मोठा पिंजरा केव्हाही चांगला. पक्ष्यांसाठी मिळणारे मोठे उभे पिंजरे उपयोगी पडतात. मात्र दोन गजांमधील फट सव्वा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. पिलाचे डोके ज्या फटीतून जाते, तेथून त्याचे सारे अंग निसटते. गजांवर विषारी नसलेल्या प्लास्टिकचा किंवा भुकटी-रंगाचा लेप असावा. उघडी जस्तलेपित जाळी टाळावी. मूत्राने ती गंजते आणि ती चाटल्याने वा कुरतडल्याने जस्ताची विषबाधा होऊ शकते. दाराची कडी पक्की हवी, कारण वर सरकणारे सैल दार उघडण्याचे कसब हा प्राणी लवकर आत्मसात करतो.

पिंजऱ्याच्या वरच्या भागात झोपण्यासाठी कापडी पिशवी टांगावी. ढोलीची जागा तीच घेते. तिच्यासाठी 'फ्लीस'चे मऊ, धागे न सुटणारे कापड योग्य. टर्किश टॉवेलसारख्या फासे असलेल्या कापडात नखे अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय मोडतो. शिवण आतल्या बाजूला उघडी नसावी. सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह थांबून बोट गमवावे लागते. पिशव्यांची शिवण दर आठवड्याला तपासण्याची सवय लावून घ्यावी.

चढण्यासाठी फांद्या, दोर, पूल आणि झोपाळे हवेत. फांद्या कीटकनाशके न फवारलेल्या झाडांच्याच असाव्यात. धावण्यासाठी चाक ठेवायचे असेल तर त्याचा पृष्ठभाग सलग असावा आणि मध्यभागी आडवा दांडा नसावा. उंदरांसाठी मिळणाऱ्या साध्या चाकात दांड्याभोवती शेपटी गुंडाळली जाऊन ती तुटल्याची उदाहरणे आहेत. तळाशी कागद किंवा कापड अंथरावे. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतो.

स्वच्छता रोजची हवी, पण तिलाही मर्यादा आहे. अन्नाची भांडी आणि पाण्याची बाटली रोज धुवावी, तळाचा कागद बदलावा. मात्र पिंजरा, पिशव्या आणि खेळणी एकाच दिवशी घासून धुऊ नयेत. ग्लायडरसाठी स्वतःचा गंध म्हणजे घराची ओळख असते. ती एकाएकी पुसली गेली की तो अस्वस्थ होतो आणि जोमाने पुन्हा गंध पसरवू लागतो. वास कमी व्हावा म्हणून केलेला खटाटोप अशा रीतीने उलटतो. एका आठवड्यात पिशव्या आणि पुढच्या आठवड्यात खेळणी असा क्रम ठेवल्यास हे टळते. प्राण्याला आंघोळ घालण्याची मुळीच गरज नसते. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो.

ऊन, वारा आणि थंडी

खोलीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियसच्या आसपास असणे या प्राण्यास मानवते. १८ अंशांखाली आणि ३२ अंशांवर त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचा विचार करता ही वरची मर्यादा महत्त्वाची ठरते. पिंजरा खिडकीच्या उन्हात, बंद गच्चीत किंवा वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात ठेवू नये.

जंगलात थंड, पावसाळी रात्री अन्न दुर्मिळ झाले की ग्लायडर काही तासांसाठी शरीराचे तापमान उतरवून गुंगीत जातो. ही त्याची ऊर्जा वाचवण्याची रीत आहे. पाळीव ग्लायडर असा गार आणि निश्चल आढळला तर तो मेला असे समजण्याची चूक करू नये. त्याला कापडात गुंडाळून अंगाच्या उबेने हळूहळू गरम करावे आणि पशुवैद्यकांशी संपर्क साधावा. घरात ही अवस्था येणे म्हणजे खोली फार थंड असल्याचे, आहार अपुरा पडत असल्याचे किंवा आजाराचे लक्षण असते.

आहार : सर्वांत मोठी चूक येथेच

'सफरचंदाची एक फोड आणि वाटीभर कोरडे खाद्य पुरेसे' ही विक्रेत्यांची समजूत अनेक ग्लायडरांच्या जिवावर बेतली आहे. नावात साखर असली तरी केवळ फळांवर हा प्राणी जगू शकत नाही. बहुतेक फळांत कॅल्शियम अल्प असते. आहारात फॉस्फरसच्या तुलनेत कॅल्शियम कमी पडले, की शरीर ते हाडांतून ओढून घेऊ लागते. हाडे ठिसूळ होतात, मागचे पाय थरथरतात, मग लुळे पडतात. कालपर्यंत उड्या मारणारा प्राणी आज पाय ओढत चालतो, असे दृश्य दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. वेळीच उपचार झाले तर काही ग्लायडर सावरतात. तथापि योग्य आहाराने हा आजार मुळातच टाळता येतो. आहारात फॉस्फरसच्या एका भागामागे कॅल्शियमचे एक ते दोन भाग असावेत, असा नियम आहे.

ग्लायडर दररोज स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्के अन्न खातो. म्हणजे १२० ग्रॅमच्या प्राण्याला १८ ते २४ ग्रॅम अन्न लागते. चहाच्या चमच्यांनी मोजता येईल एवढे हे प्रमाण असल्याने त्यात निकृष्ट पदार्थांना जागाच उरत नाही. पशुवैद्यक सामान्यतः आहाराचे दोन मुख्य भाग सुचवतात. पहिला भाग झाडांच्या रसाची व मकरंदाची जागा घेणाऱ्या मिश्रणाचा. 'लेडबीटर मिश्रण' या नावाने ओळखला जाणारा प्रकार यासाठी रूढ आहे. ऑस्ट्रेलियातील लेडबीटर पॉसम या दुर्मीळ प्राण्यावरून त्याला हे नाव पडले. कोमट पाणी, मध, उकडलेले अंडे, प्रथिनयुक्त बाळखाद्य आणि जीवनसत्त्व-खनिजांची पूड एकजीव करून ते बनवतात. लहान भागांत गोठवून ठेवावे आणि रोज हवे तेवढेच काढावे. दुसरा भाग प्रथिनांचा. त्यात कीटकभक्षी प्राण्यांसाठीचे खाद्य, शिजवलेले अंडे, मसाला-मीठ न घातलेले कोंबडीचे मांस, तसेच रातकिडे किंवा 'मीलवर्म' नावाच्या अळ्या येतात. या अळ्यांत चरबी आणि फॉस्फरस अधिक असल्याने त्या मोजक्याच द्याव्यात आणि कॅल्शियमची पूड भुरभुरून द्याव्यात. कीटक घराच्या कोपऱ्यातून किंवा बागेतून पकडून देऊ नयेत. त्यांच्या अंगावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो.

फळे व भाज्या यांचे स्थान तोंडी लावण्यापुरते, एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाएवढे असावे. पपईसारखी फळे बारीक तुकडे करून द्यावीत. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, मिठाई आणि तळलेले पदार्थ वर्ज्य समजावेत. ग्लायडर गोड तेवढे वेचून खातो आणि उरलेले टाकतो. तेव्हा त्याने काय खाल्ले यापेक्षा सकाळी वाटीत काय उरले याकडे लक्ष द्यावे. जेवणाची वेळ संध्याकाळची, तो जागा होण्याच्या सुमाराची. सकाळी शिल्लक अन्न उचलून टाकावे. पाणी मात्र सदैव हवे. बाटलीची नळी तुंबण्याची शक्यता असल्याने शेजारी एक उथळ वाटीही ठेवावी. एवढ्याशा शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि एका दिवसाची हयगयही प्राणघातक ठरू शकते.

मैत्रीला वेळ लागतो

नव्या घरी आलेला ग्लायडर हात जवळ नेताच मागच्या पायांवर उभा राहतो आणि जुन्या यंत्राच्या खरखरीसारखा कर्कश आवाज काढतो. हा राग नसून भीती असते. अशा वेळी हात झटकन मागे घेतला तर ओरडल्याने संकट टळते, असा धडा तो शिकतो. दटावणे किंवा फुंकर मारणे याने भीती अधिकच वाढते. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वस्थ राहू द्यावे. आपण वापरलेल्या कापडाचा तुकडा त्याच्या पिशवीत ठेवावा. मग दिवसा तो झोपलेला असताना पिशवीसकट छातीशी बाळगावा. माणसाच्या अंगाची ऊब, हृदयाचे ठोके आणि गंध यांची त्याला सवय होते. संध्याकाळी बोटावर मिश्रणाचा थेंब घेऊन चाटू द्यावे. कुणाशी आठवड्यात सूत जुळते, कुणाशी काही महिने लागतात. त्याला शेपटीने उचलणे, झोपेतून ओढून बाहेर काढणे किंवा पाहुण्यांच्या हातोहात फिरवणे कटाक्षाने टाळावे.

लहान मुलांच्या हट्टापायी हा प्राणी घेणाऱ्यांनी विशेष विचार करावा. मुलांची खेळण्याची वेळ ही ग्लायडरची झोपेची वेळ असते. घाबरला तर तो चावतो आणि त्याचे खालचे पुढचे दात लांब व अणकुचीदार असतात. उंदरांच्या दातांप्रमाणे ते आयुष्यभर वाढत नाहीत. त्यामुळे ते घासून किंवा कापून घेणे चुकीचे व वेदनादायक आहे.

घरातील अदृश्य सापळे

पिंजऱ्याबाहेर रोज काही वेळ मोकळे फिरणे ग्लायडरला आवश्यक असते. परंतु माणसाचे घर त्याच्यासाठी सापळ्यांनी भरलेले असते. यातला सर्वांत मोठा सापळा शौचालयाचे भांडे. गुळगुळीत चिनी मातीवर नखे रुतत नाहीत आणि आत पडलेला ग्लायडर बाहेर येऊ शकत नाही. पाळीव ग्लायडर बुडून मरण्याच्या घटना यामुळेच वारंवार घडतात. पाण्याने भरलेली बादली, उघडी टाकी आणि मत्स्यपेटी यांचाही धोका तसाच. भारतीय घरांत त्यात फिरत्या छतपंख्याची भर पडते. पडद्याच्या दांडीवरून किंवा कपाटावरून झेप घेणाऱ्या प्राण्याला फिरणारी पाती कळत नाहीत. ग्लायडर बाहेर असेपर्यंत पंखा बंद ठेवणे हा अपवाद नसलेला नियम असावा.

एक छोटी खोली निवडून ती निर्धोक करणे सर्वांत सोयीचे. खिडक्या बंद कराव्यात, दाराखालची फट कापडाने बुजवावी, विजेच्या तारा झाकाव्यात, गादी आणि सोफ्याखालच्या जागा तपासाव्यात. सोफ्यात दडलेल्या ग्लायडरवर नकळत कुणी बसते, दारात असलेल्यावर दार आपटले जाते. डास-झुरळांसाठीची फवारणी त्या खोलीत करू नये. कुत्रा किंवा मांजर कितीही शांत असली तरी त्यांना एकत्र सोडू नये. मांजराचा ओझरता दातही पुरेसा असतो. जखम लहान दिसली तरी तिच्यातील जंतुसंसर्ग जीवघेणा ठरतो.

आजार लपवणारा रुग्ण

शिकार होऊ शकणारे सगळे प्राणी आपले दुखणे लपवतात आणि ग्लायडरही त्याला अपवाद नाही. म्हणूनच स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून नोंद ठेवावी. दहा-बारा ग्रॅमची घट माणसाला क्षुल्लक वाटते, पण १२० ग्रॅमच्या प्राण्यासाठी तो शरीराचा दहावा हिस्सा असतो. मागच्या पायांत अशक्तपणा, थरथर, जुलाब, डोळे निस्तेज होणे, केस झडणे, एका जागी वारंवार चावणे किंवा जेवणाकडे पाठ फिरवणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. दुसऱ्या टोकाला लठ्ठपणाही आहे. गोड आणि चरबीयुक्त खाद्य व अपुरी हालचाल यांतून तो येतो.

येथे शहरवासीयांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. गाई-म्हशींचे किंवा कुत्र्या-मांजरांचे उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला ग्लायडरचा अनुभव असेलच असे नाही. तेव्हा प्राणी घरी आणण्यापूर्वी असा अनुभवी पशुवैद्यक आपल्या शहरात आहे का, रात्री-अपरात्री तो उपलब्ध होईल का, याची चौकशी करावी. तो नसेल, तर प्राणी न आणणे हाच सुज्ञपणा. वर्षातून एकदा सर्वसाधारण तपासणी आणि विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

कायदा आणि कर्तव्य

हा प्राणी पाळण्यासंबंधीचे नियम सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई या राज्यांत तो पाळण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियातही काही प्रांत परवानगी देतात आणि न्यू साऊथ वेल्ससारखे प्रांत देत नाहीत. भारतात परदेशातून कोणताही जिवंत प्राणी आणताना आयातीचे परवाने आणि विलगीकरणाचे नियम पाळावे लागतात. ते टाळून सामानात दडवून आणलेले वन्यप्राणी मुंबईसह देशातील विमानतळांवर वेळोवेळी पकडले गेले आहेत. अशा प्रवासात कित्येक जीव वाटेतच गुदमरतात. खरेदीदाराने प्राण्याच्या जन्माची व मालकीची कागदपत्रे मागावीत. विक्रेता ती देण्यास कां-कूं करत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. शंका असल्यास वनखात्याकडे विचारणा करावी. सह्याद्रीतील उडती खार किंवा राज्यप्राणी शेकरू यांना पिंजऱ्यात ठेवणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे.

कंटाळा आला म्हणून ग्लायडर रानात सोडून देणे हा मार्ग दोन्ही बाजूंनी घातक. घरात वाढलेला प्राणी बहुधा काही दिवसांत उपासमारीने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी मरतो. जगलाच, तर दुसरे संकट उभे राहते. टास्मानिया बेटाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. मुख्य भूमीवरून १८३५ मध्ये तेथे ग्लायडर नेण्यात आले. मोकळे सुटलेल्या प्राण्यांनी जंगलात जम बसवला. आज त्या बेटावर घरटी करणारा 'स्विफ्ट पॅरट' हा अतिसंकटग्रस्त पोपट ज्या कारणांनी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यांत ढोलीतील अंडी, पिले आणि अंड्यांवर बसलेल्या माद्या फस्त करणारा शुगर ग्लायडर हे एक प्रमुख कारण मानले जाते. भारताच्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींसंबंधीची तरतूद समाविष्ट झाली आहे. प्राणी सांभाळणे खरोखरच अशक्य झाल्यास अनुभवी पालकाच्या किंवा प्राणिमित्र संस्थेच्या स्वाधीन करावा.

घ्यावा की न घ्यावा?

चांगली निगा राखल्यास शुगर ग्लायडर १० ते १२ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. आज पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ग्लायडर ते मूल महाविद्यालयातून बाहेर पडेपर्यंत घरात असणार आहे. त्या काळात घरे बदलतील, नोकऱ्या बदलतील, सुट्यांत गावी जाणे होईल. प्रत्येक वेळी रात्री जागणाऱ्या, विशिष्ट आहार लागणाऱ्या या जोडीची व्यवस्था कोण पाहणार, याचे उत्तर आधीच हाताशी असावे. रात्रीचे भुंकणे, नराचा उग्र दर्प, पडद्यांवर पडणारे डाग आणि पशुवैद्यकाचा खर्च हे सारे मान्य असेल. जोडीसाठी प्रशस्त पिंजरा, योग्य खाद्य आणि रोज संध्याकाळचे दोन तास देता येणार असतील, तर हा प्राणी त्या कष्टांचे चीज करतो. अंधाऱ्या खोलीत दूरवरून झेपावून नेमका आपल्या खांद्यावर उतरणारा तो इवलासा जीव त्याने टाकलेल्या विश्वासाची जाणीव करून देतो.

यातले काही जमणार नसेल, तर ग्लायडर चित्रफितीत पाहून आनंद मानावा. एखाद्या प्राण्यावर प्रेम आहे म्हणून तो न पाळण्याचा निर्णय घेणे, हीसुद्धा त्याची काळजी घेण्याचीच एक रीत आहे.